कॉलेज, मेस आणि दहा किलोमीटर: सातारा-सांगलीच्या विद्यार्थी धावपटूंसाठी धागा

मुरूम_मैदान:
कॉलेजच्या फलकावर क्रॉसकंट्रीची (ट्रॅक सोडून माळरान-मातीवरच्या लांब शर्यतीची) नोटीस लागली की प्रश्नांची तीच गाडी सुरू होते. आठवड्याला किती पळायचं, मेसच्या जेवणावर भागतं का, नडगी दुखते तर थांबायचं का, प्रॅक्टिकल बुडालं तर काय. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. आकडे द्या, पद्धत सांगा, कुठे बिघडतं आणि का ते सांगा. 'आमच्या वेळी'वाल्या आठवणींसाठी वेगळा धागा काढा, इथे नकोत.

एक पोरगा गृहीत धरू. बी.एस्सी. दुसरं वर्ष, वसतिगृहात मुक्काम, वजन ५५ किलो, ५००० मीटर १७ मिनिटांत. म्हणजे किलोमीटरला ३:२४ (मिनिटं:सेकंद) आणि ४०० च्या फेरीला ८१.६ सेकंद. मागची दोन वर्षं सलग सराव असेल तर त्याला आठवड्याला ७० किमी भरपूर झाले. सोमवारी १० सावकाश. मंगळवारी १००० ची ५ रिपिटेशन (तेच अंतर जोरात, परत परत), प्रत्येक ३:२२ ते ३:२५, मधे अडीच-तीन मिनिटं जॉग. वॉर्म-अप आणि कूल-डाऊन धरून १२. बुधवारी परत १० सावकाश. गुरुवारी टेम्पो, म्हणजे जोराचं पण एकसारख्या वेगाचं पळणं, २० ते २५ मिनिटं ३:३८ ते ३:४२ च्या वेगाने, एकूण १२. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी ८ सावकाश आणि शेवटी १०० मीटरचे ६ मोकळे स्ट्राइड (लांब टांगांची वेगवान धाव). रविवारी १८.

'सावकाश' म्हणजे या पोरासाठी ४:५० ते ५:१५. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. सगळ्यात जास्त माती इथेच होते. मैदानावर दहा-बाराजण एकत्र पळतात, दुसऱ्या किलोमीटरला कुणीतरी पुढे निघतो आणि सोमवारचं सावकाश ४:१५ वर जातं. या वेगाचा ना धड आराम, ना धड सराव. मंगळवारी पाय जड, तिसरं रिपिटेशन ३:३२ ला येतं. मग सर म्हणतात स्टॅमिना कमी पडतोय, अजून दोन किमी वाढवा. पोरगा अजून दमतो. स्टॅमिना कमी नसतो, सोमवार चुकलेला असतो.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. लॅबमध्ये तीन तास उभं राहून संध्याकाळी रिपिटेशन मारू नका. प्रॅक्टिकलचे वार बघा आणि जोराचे दोन दिवस त्यांच्यापासून लांब ठेवा. मंगळवार-गुरुवार हे काही वेदात लिहिलेलं नाही.

सव्वापाच:
धागा वाचनखूण. एक शंका. सगळीकडे पहाटे पाचचा सराव सांगतात. वसतिगृहात साडेअकराच्या आत दिवे बंद होत नाहीत. साडेपाच तास झोपेत ७० किमी जमतात का?

मुरूम_मैदान:
नाही जमत. आठवडाभर निभतं, तिसऱ्या आठवड्यात सर्दी-खोकला, पाचव्यात नडगी. आठ तास झोप हा सरावाचाच भाग धरा. साडेअकराला झोपणाऱ्याने जोराचा सराव संध्याकाळी साडेपाचला करावा, पहाटेचा हट्ट सोडावा. संध्याकाळी स्नायू उबदार असतात, रिपिटेशन उलट बरी निघतात. रविवारचं लांब पळणं तेवढं पहाटे, कारण मार्चनंतर सांगलीत आठ वाजता ऊन चटका देतं. दुपारी २०-३० मिनिटांची डुलकी चालेल. तासभर झोपलात तर रात्रीची झोप जाईल.

एक मात्र खरं, शर्यत सकाळी सहा-सातला असते. म्हणून शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे तरी दोन-तीन सराव सकाळी घ्या. पायांसाठी नाही, पोट वेळेवर साफ होण्यासाठी.

पहाटवारा:
७० किमी हा आकडा पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी डोळे झाकून उचलू नये, एवढं ठळक लिहा दादा. बारावीपर्यंत ८०० आणि १५०० पळालेल्यांनी ४० ते ४५ वरून सुरुवात करावी. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात २५-३० टक्के कापायचं. अंतर वाढवताना वेग वाढवायचा नाही. एका वेळी एकच.

मुरूम_मैदान:
मान्य, ताई. तुमचा आकडा योग्य.

हळद_बेदाणा:
सांगलीकडून मेसचा हिशोब. ५५ किलोच्या धावपटूला प्रथिनं किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, मधला १.४ धरला तर ७७ ग्रॅम. आता ताट बघा. दोन वेळच्या मिळून सहा पोळ्यांतून साधारण २२-२४ ग्रॅम. मेसची आमटी म्हणजे डाळीला पाण्यातून फिरवून आणलेली. दोन वाट्यांत ८-१० धरा. भात, भाजी, सकाळचे पोहे मिळून आणखी ८-१०. झाले चाळीसच्या आसपास. उरलेले ३५ खोलीवर भरून काढायचे.

अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, दोन अंडी १२, ३० ग्रॅम शेंगदाणे साडेसात. जमलं. अंडी न खाणाऱ्यांनी २५ ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे भिजवून भाजीत टाकावेत, १२-१३ ग्रॅम मिळतात. मेसच्या मावशींना नीट सांगितलं तर त्या वेगळ्या वाटीत करून देतात. पातेलं आपण घासून ठेवायचं, एवढाच सौदा. प्रथिनांच्या डब्यावर महिन्याचे पैसे घालवायची गरज नाही. त्या डब्यांची दुसरी भानगड आहे, ती खाली कुणीतरी लिहीलच.

कर्बोदकं मात्र लोक विसरतात. जोराच्या आठवड्यात किलोमागे ६-७ ग्रॅम, म्हणजे ३३० ते ३८५ ग्रॅम. जिममधल्या मित्राचं ऐकून पोळी-भात कमी करणारा धावपटू गुरुवारच्या टेम्पोला पंधराव्या मिनिटाला बसतो. सराव संपल्यावर तासाभरात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. मेस साडेसातला उघडत असेल तर बॅगेत दोन केळी आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवा. लाडू सरावाच्या नंतर. आधी खाल्ला तर शेंगदाण्यातलं तेल पोटात बसून राहतं आणि तिसऱ्या रिपिटेशनला वर येतं.

दीड तासाच्या वरचं पळणं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. परदेशी जेलच्या पाकिटाऐवजी आपला तासगावचा बेदाणा घ्या. ३० ग्रॅम बेदाण्यात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं. छोट्या पिशवीत, दर २५ मिनिटांनी छोटी मूठभर दाणे, वर दोन घोट पाणी. काहींच्या पोटात बेदाण्याने गुडगुड होते, म्हणून शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊन बघू नका. १० किमीच्या शर्यतीत यातलं काहीही लागत नाही. शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी एक ताटली पोहे किंवा दोन केळी आणि ब्रेड, बास. मिसळ आणि भडंग बक्षीस वाटप झाल्यावर.

सव्वापाच:
उन्हाळ्यात इलेक्ट्रॉल रोज प्यायचं का?

हळद_बेदाणा:
तासाभराच्या सरावाला साधं पाणी आणि जेवणातलं मीठ पुरतं. दीड तासाच्या वर, कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग उठत असतील तर घ्या. पाकीट ज्या प्रमाणात सांगितलंय त्याच प्रमाणात, एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच. अर्ध्या बाटलीत आख्खं पाकीट ओतलं की मळमळणारच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आमटीचा नव्हे.

पहाटवारा:
जेवणात लोहाचं राहिलं. लांब पळणाऱ्या मुलींमध्ये, आणि न सांगणाऱ्या बऱ्याच मुलांमध्येही, वेळ अचानक बिघडण्याचं कारण बहुतेकदा तिथे असतं. नुसतं हिमोग्लोबिन तपासून भागत नाही, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) सांगा. हिमोग्लोबिन १२.५ दिसतं आणि फेरिटिन १२ असतं. साठा संपलाय, अजून रक्तात उतरलेलं नाही. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर डॉक्टरकडे. गोळ्या मनाने सुरू करू नका, जास्तीचं लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही.

मेसमध्ये जेवण झालं की लगेच चहा घेता, तो तासभर पुढे ढकला. चहा पालेभाजी-डाळीतलं लोह अडवतो. ताटात लिंबाची फोड घ्या, ते उलटं काम करते.

आणि मुलींनो, पाळी तीन महिने आली नाही तर 'सराव जोरात चाललाय म्हणून' असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. खाणं कमी आणि पळणं जास्त झाल्याची ती खूण असते, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, किलोमीटर कमी करा, खाणं वाढवा. ही गोष्ट सरांना सांगायला संकोच वाटत असेल तर जिमखान्यातल्या मॅडमना किंवा संघातल्या मोठ्या ताईला सांगा, पण सांगा.

स्नायूवैद्य:
नडगीबद्दल सगळे विचारतात म्हणून ओळखायची पद्धत लिहितो. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबत वरून खाली या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, सुरुवातीला जास्त आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ती साधी शिन स्प्लिंट. अंतर निम्मं करा, मऊ जमिनीवर पळा, एका पायावर टाच उचलण्याचे व्यायाम करा. एका पायावर सलग २५ टाचा उचलता येत नसतील तर पोटरीची ताकद कमी आहे आणि हाडावर भार जातोय.

पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी नेमकं दुखतंय, पळताना वाढत जातंय, रात्री ठणकतंय, त्या पायावर उडी मारली की कळ येते, असं असेल तर पळणं त्याच दिवशी बंद. हा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे भाराने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो आणि 'काही नाही, पळ' असं ऐकून पोरगा परत मैदानावर येतो. शंका असेल तर एमआरआय. जांघेत खोल दुखत असेल तर त्याहून गंभीर. खुब्याच्या हाडाचा प्रश्न असू शकतो, तिथे एक दिवसही थांबायचं नाही.

टाचेच्या वरची जाड शीर दुखत असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची. १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, १५ चे ३ गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. वर जाताना चांगल्या पायाची मदत घ्या. दुखणं शीर टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच असेल तर टाच पायरीच्या खाली न्यायची नाही, जमिनीवरच करा. बारा आठवडे हे लोकांना पटत नाही, तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि चौथ्यात परत येतात.

रानवाट:
साताऱ्याचं मैदान म्हणजे घाट. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा चढ लागतो आणि वर कास पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून याच चढावर होते: चढून जायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. बाहेरून येणारे चढाचा सराव करून येतात आणि उतारावर मरतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबता लांबता ब्रेक लावतो, त्याचे धागे फाटतात, दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या पायऱ्या उलट्या उतराव्या लागतात. म्हणून आधी तीन-चार आठवडे, आठवड्यातून एकदा ४०० मीटरचे ४-५ उतार सैल पायाने. पावलं छोटी आणि पटापट, टाच पुढे फेकायची नाही, शरीर मागे झुकवायचं नाही. शर्यतीच्या आधीच्या १० दिवसांत उतार पूर्ण बंद.

चढाची रिपिटेशन ६० ते ९० सेकंदांची, ८ ते १०, खाली जॉग करत यायचं. चढावर घड्याळातला वेग बघू नका, श्वास बघा. सपाटीवर ३:४० ला जेवढा श्वास लागतो तेवढाच ठेवा, मग वेग ४:४० दिसला तरी हरकत नाही.

पावसाळ्यात घाटात धुकं असतं आणि पर्यटकांच्या गाड्या. डांबराच्या कडेला शेवाळ धरतं, वळणावर पाय सटकतो. उजव्या बाजूने, समोरच्या गाड्या दिसतील असं पळा, अंगात भडक रंग घाला. बूट ओले झाले की आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. हीटरवर ठेवलेत तर गोंद सुटतो. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त टिकतात. ६०० ते ८०० किमीनंतर वरून नवे दिसले तरी तळ मेलेला असतो.

हळद_बेदाणा:
साताऱ्याचे लोक घाटाशिवाय धावपटू होत नाही असं बोलतात. विद्यापीठाची क्रॉसकंट्री आणि ट्रॅक सपाटीवर असतो राव. सांगलीची सपाटी हीच टेम्पोसाठी खरी शाळा. २५ मिनिटं एकसारखा वेग घाटात ठेवून दाखवा. आणि चढ हवाच असेल तर मिरज-पंढरपूर रस्त्यावर दंडोबाचा डोंगर आहे, रविवारी तिकडे जायचं.

आमच्याकडचा धोका वेगळा. उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटे पाचला कारखान्याच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. मागून येणारा ट्रॅक्टर गाण्याच्या आवाजावरून ओळखू येतो, पण रस्त्याकडेला उभी केलेली ट्रॉली अंधारात दिसतच नाही. कानात काही घालू नका, कपाळाला बॅटरी लावा. नदीकाठची काळी माती पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस टाळा. बुटाला अर्धा-अर्धा किलो चिकटते, घोटा वळतो.

रानवाट:
सपाटीची शाळा मान्य. पण क्रॉसकंट्रीचा मार्ग नेहमी सपाट असतो हे अमान्य. यजमान कॉलेजवर अवलंबून असतं. चढ-उतार, चिखल, नांगरट, काहीही मिळू शकतं. वर्षात सहा आठवडे तरी चढ हवेत.

जिमखाना_जुना:
भांडण मिटलं असेल तर कागदांचं बोलतो. धावून मिळवलेली निवड कागदांपायी हातची जाते, असं दरवर्षी होतं.

पात्रता अर्जाला दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका, चालू वर्षाच्या फीची पावती, फोटो, ओळखपत्र लागतं. या सगळ्याच्या तीन-तीन साक्षांकित प्रती जुलैतच करून ठेवा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का बघा. एकावर वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर अर्ज अडतो. वयाची आणि शिक्षणातल्या खंडाची अट त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचा, मित्राकडून ऐकू नका.

साताऱ्यातल्या पोरांसाठी खास सूचना. जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाची, पण शहरातली काही कॉलेजं आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. रस्ता ओलांडून दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला तरी विद्यापीठ बदलू शकतं, आणि विद्यापीठ बदललं की संघही बदलतो. कॉलेज बदलण्याच्या आधी दोन्हीकडच्या जिमखान्यात विचारा.

हजेरी. ड्युटी लीव्हचं (स्पर्धेसाठीच्या रजेचं) पत्र स्पर्धेच्या आधी विभागप्रमुखांकडे, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. आल्यावर सहभागाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडायची. नुसतं तोंडी सांगितलेलं सत्राच्या शेवटी कुणालाही आठवत नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल मात्र कुणी माफ करत नाही. स्पर्धेला जाण्याच्या आधीच दुसऱ्या बॅचबरोबर ते प्रॅक्टिकल उरकून घेता येतं का विचारा. बहुतेक सर हो म्हणतात, विचारलं तर.

आता सांघिक गुण, कारण पोरं हे समजून न घेता पळतात. क्रॉसकंट्रीत जागतिक पातळीवर सहाजण पळतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवतात. कमी बेरीज जिंकते. तुमच्या स्पर्धेचा आकडा परिपत्रकात बघा, तत्त्व तेच. एका संघाचे १, २, १५ आणि ३०, बेरीज ४८. दुसऱ्याचे ६, ८, ९ आणि ११, बेरीज ३४. पहिला-दुसरा नंबर घरात येऊनही संघ हरला. म्हणून चौथ्या पोराने शेवटच्या ३०० मीटरमध्ये गाठलेले चार गडी हे पहिल्याच्या विजयाइतकेच मोलाचे. अंतर म्हणाल तर जागतिक क्रॉसकंट्रीत २०१७ पासून पुरुष आणि महिला दोघांनाही १० किमी.

परीक्षा_जवळ:
परीक्षेच्या तीन आठवड्यांत काय करायचं? पूर्ण बंद?

मुरूम_मैदान:
बंद नको. अंतर निम्म्यावर आणा, जोराचा एक दिवस ठेवा. ७० चे ३५, त्यात एकदा १००० ची ३ किंवा १५ मिनिटं टेम्पो, बाकी ३०-३५ मिनिटांची सावकाश पळणी. तीन आठवडे फिटनेस बऱ्यापैकी टिकतो. उलटं केलं, म्हणजे सगळं सावकाश ठेवून जोर काढून टाकला, तर लवकर घसरतो. पेपरच्या आदल्या दिवशी रिपिटेशन नको. पेपर झाल्याच्या संध्याकाळी चालतील, डोकंही मोकळं होतं.

भरती_२६:
मला पोलीस भरतीही द्यायची आहे. १६०० मीटरला ५:१० च्या आत पूर्ण २० गुण. ५००० च्या सरावावर होतं का?

मुरूम_मैदान:
आपल्या १७ मिनिटांच्या पोराचा ५००० चा वेग १६०० ला लावला तर ५:२६ येतात. म्हणजे नुसता ५००० चा वेग पुरत नाही, पण अंगात ५:१० नक्की आहे. शेवटचे पाच-सहा आठवडे गुरुवारच्या टेम्पोऐवजी ४०० ची ६, प्रत्येक ७४-७५ सेकंद, मधे दोन मिनिटं. ७७.५ ची फेरी म्हणजे ५:१०. तीन सेकंद हातात ठेवून सराव करा, कारण भरतीच्या मैदानावर गर्दी असते आणि कडेने पळावं लागतं.

माणदेशी:
३००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाणी ओलांडायच्या शर्यतीकडे) कुणी वळत नाही, म्हणून तिथे जागा रिकामी आहे. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहाव्या आल्या. जिल्ह्यात हे उदाहरण असताना पोरं १० किमीलाच गर्दी करतात.

एका शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. पुरुषांची उंची ०.९१४ मीटर, महिलांची ०.७६२. अडथळा ८०-१०० किलोचा असतो, पायाने पडत नाही. धडकलात तर तुम्हीच पडता. म्हणून आधी हलक्या, पडणाऱ्या हर्डलवर. कॉलेजात हर्डलच नसेल तर दोन खांबांवर नुसता सैल बांबू टेकवा, बांधू नका. आधी चालत, मग जॉग, मग शर्यतीच्या वेगाने. दोन्ही पायांनी झेप घेता आली पाहिजे, कारण गर्दीत पावलं जुळवायला जागा मिळत नाही. अडथळ्याच्या आधी वेग कमी करायची सवय लागली की प्रत्येक ठिकाणी अर्धा सेकंद जातो, ३५ ठिकाणी किती ते मोजा. पाण्यात मात्र अडथळ्यावर पाऊल ठेवून ढकलायचं. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब आणि पलीकडे उथळ होत जातो, म्हणून जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी.

नवीन_बूट:
कार्बन प्लेटचे जाड तळाचे बूट ५००० ला चालतील का?

मुरूम_मैदान:
रस्त्यावर ४० मिमीपर्यंत तळ चालतो. ट्रॅकवर नोव्हेंबर २०२४ पासून मर्यादा २० मिमी. रस्त्याचे जाड बूट घालून ट्रॅकवर उतरलात आणि पंचांनी नियम लावला तर निकाल जातो. स्थानिक स्पर्धेत कुणी बघत नाही, अखिल भारतीय स्पर्धेला बघतात. स्पाइकचे खिळे सिंथेटिकवर ६ मिमी ठेवा, ९ च्या वर परवानगी नाही. चिखलातल्या क्रॉसकंट्रीला १२ ते १५. खिळे फिरवायची किल्ली बॅगेत असू द्या आणि आदल्या रात्री आटे तपासा, गंजून बसलेला खिळा सकाळी निघत नाही.

सव्वापाच:
शर्यत झाल्यावर थकवा जावा म्हणून सलाईन लावून घेतात, ते बरोबर आहे का?

स्नायूवैद्य:
चूक, आणि नुसती आरोग्याची नाही. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त शिरेतून देणं उत्तेजकविरोधी नियमांत बंदीच आहे, आत साधं मीठपाणी असलं तरी. रुग्णालयात उपचार म्हणून दिलं तरच सूट. ५०० मिलीची बाटली म्हणजे सरळ नियमभंग. उलटी होत नसेल तर तोंडाने प्या.

सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाच्या वर स्पर्धेदरम्यान बंद. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शनही स्पर्धेदरम्यान बंद. गुडघ्यासाठी गावात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका, त्यांत हेच मिसळलेलं निघू शकतं. जिममधल्या पावडरींचंही तसंच. डब्यावर न लिहिलेला घटक लघवीत सापडला तरी जबाबदारी खेळाडूची, 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. नाडाचं (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं) 'नो युअर मेडिसिन' ॲप आहे, औषधाचं नाव टाकून आधी बघा. दम्याचा पंप ओढणाऱ्यांनी डॉक्टरांचा कागद जवळ ठेवा आणि सांगितलेल्या मात्रेच्या वर जाऊ नका.

पहाटवारा:
कुत्र्यांबद्दल एक ओळ. पळत सुटू नका, थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे सरका. चावलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस. हळद भरू नका, पट्टी आवळू नका.

मैदान_कडेला:
आमच्या कॉलेजचं मैदान २०० मीटरचं म्हणतात. घड्याळ प्रत्येक वेळी वेगळं दाखवतं. कशावर विश्वास ठेवायचा?

मुरूम_मैदान:
दोन्हींवर नको. छोट्या गोल मैदानात घड्याळाचं जीपीएस वळणं कापतं. आणि 'म्हणतात' हे मोजमाप नव्हे. एक फेरी सहा मीटरने कमी असेल तर १००० मीटरच्या पाच फेऱ्यांत ३० मीटर गेले, म्हणजे सहा सेकंद. पोरगा ३:२० मारतोय म्हणून खूश, खरं असतं ३:२६.

जिमखान्यातून मोजायचं चाक घ्या, नसेल तर ५० मीटरची टेप आणि दोघेजण. आतली कड नुसती फक्कीची रेघ असेल तर तिच्यापासून २० सेंमी बाहेरून मोजायचं, उंच कडा असेल तर ३० सेंमी. तीनदा मोजा, सरासरी घ्या. मग १००० ची सुरुवात नेमकी कुठून ते खुंटी ठोकून पक्कं करा. फक्की पहिल्या पावसात जाते. छोट्या मैदानात सावकाश पळताना निम्म्या फेऱ्या उलट्या दिशेने घ्या, नाहीतर वळणावर एकाच पायाच्या नडगीवर भार येतो.

४०० च्या खऱ्या ट्रॅकवर सराव मिळाला तर आतली लेन मोकळी नसते. दुसरी लेन ४०७.०४ मीटर, तिसरी ४१४.७. साडेबारा फेऱ्या तिसऱ्या लेनमध्ये पळालात तर १८४ मीटर जास्त झाले, आपल्या पोराच्या वेगाने ३७ सेकंद. वेळ वाईट आली म्हणून खचण्याआधी लेन बघा.

मैदान_कडेला:
चाक मिळालं. शनिवारी मोजून आकडा टाकतो. खुंटी लाकडी चालेल का?

मुरूम_मैदान:
लाकडी क्रिकेटवाले उपटून स्टंप करतात. लोखंडी सळईचा वीतभर तुकडा ठोका, डोकं जमिनीच्या दोन बोटं खाली, वरून माती. जागा लक्षात राहावी म्हणून कुंपणाच्या खांबावर रंगाची खूण करा.